दुसऱ्या वाचकाचा पासवर्ड

“आपण देशस्थ का?” अण्णासाहेबांनी विचारले.

प्राधिकरण वसाहतीतल्या एका संशोधन संस्थेच्या सभागृहात आम्ही दहा-बाराजण बसलो होतो. चहा नुकताच फिरला होता. संचालकांनी माझी ओळख एवढीच करून दिली होती : हे आपले नवे वाचक, संस्कृत उत्तम जाणतात. अण्णासाहेब हे संस्थेचे मानद सल्लागार. सभा-समारंभांत ज्यांना पहिल्या रांगेत बसवतात अशांपैकी. माझा पांढरा सदरा आणि कपाळावरचे गंध पाहून त्यांनी मोठ्या आपलेपणाने विचारले होते. तो आपलेपणा माझ्या उत्तराने संपला.

“नाही. आम्ही घिसाडी.”

ते हसले.

“म्हणजे रस्त्याच्या कडेला पाल टाकून विळे-खुरपी करतात, ते?”

“होय. तेच.”

“आणि संस्कृत? ते कुठे शिकलात हो?”

दोघे-तिघे हसले. कोणी वाईट हसले नाही. लहान मूल मोठ्यांसारखे बोलले की हसतात, तसे हसले. अण्णासाहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मग म्हणा की एखादा श्लोक. ऐकू तरी.”

माझे वय सदुसष्ट. मला नकार देता आला असता. मी कप खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि श्लोक म्हटला. डोळे उघडले तेव्हा एकजण मोबाइलवर माझे चित्रण करत होता. टाळ्या पडल्या. अण्णासाहेब शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, “उच्चार अगदी स्वच्छ आहेत बरं का. आश्चर्य आहे.”

ज्या शब्दांनी मी रोज पहाटे देवाला जागे करतो, ते शब्द मी त्या दिवशी चहाबरोबरच्या बिस्किटांसारखे वाटून टाकले. त्याची किळस मला आजही येते. त्यांची थोडी. माझी अधिक.

आता मी कोण ते सांगतो.

माझे वडील लोखंड तापवत. आई भाता ओढी. गाव नव्हते, जमीन नव्हती. जिथे पाल पडे तिथे आमचे घर. मी दहावीपर्यंत शिकलो तो एका शिक्षकांनी मला त्यांच्या घराच्या पडवीत ठेवून घेतले म्हणून. पुढे भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात लागलो आणि शेवटची काही वर्षे त्याच कंपनीच्या चाकणच्या प्लांटमध्ये काढली. वडील ऐरणीवर जे करत तेच तिथे हजार टनांचा प्रेस करी. मी तपासनीस झालो. गाड्यांच्या इंजिनातले क्रँकशाफ्ट मोजायचे, बरे असेल तर माझ्या क्रमांकाचा ठसा मारायचा.

कारखान्याची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी सकाळी मोशीहून एसटी धरून मी राजगुरुनगरला जात असे. तिथे एक वृद्ध शास्त्री राहत. पहिल्या दिवशी मी जोडे काढून उंबऱ्याबाहेरच बसलो होतो. ते म्हणाले, “तिथून मला ऐकू येत नाही. आत ये. देवाजवळ बस.” त्यांनी मला चौदा वर्षे शिकवले आणि त्या चौदा वर्षांत जात एकदाही विचारली नाही. ती त्यांना ठाऊक होती. विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. संस्कृत ही कोणाच्या घरची विहीर आहे असे मला म्हणूनच कधी वाटले नाही. मला ते घरात बसवून शिकवले गेले.

निवृत्तीनंतर संस्थेने मला बोलावले, कारण त्यांचे काम माझ्यासाठीच असल्यासारखे होते. जुन्या संस्कृत ग्रंथांत लोखंड गाळण्या-घडवण्याविषयी जे आहे, त्यावर आजवर जगभर जे जे लेख लिहिले गेले, त्या सर्वांचा आढावा. दोन हजारांहून अधिक लेख. ते सारे एका सॉफ्टवेअरमध्ये भरलेले. संस्थेतली संशोधक मृणाल हिने मला ते शिकवले. लातूरकडची मुलगी, पीएचडी करते, मला काका म्हणते.

“काका, हे बघा. डावीकडं लेखाचा सारांश. खाली तीन बटणं. हिरवं म्हणजे आढाव्यात घ्या. लाल म्हणजे वगळा. पिवळं म्हणजे शंका. लाल दाबलं की कारण विचारतंय, ते यादीतून निवडायचं.”

“आणि हा शेजारचा रिकामा रकाना?”

“ते दुसऱ्या वाचकाचं. प्रत्येक लेख दोघांनी वाचायचा. तुम्हाला त्यांचं मत दिसत नाही, त्यांना तुमचं दिसत नाही. सगळं झालं की पडदा काढायचा. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं संचालक सर ठरवणार. आणि दोघांचं किती जुळलं तो आकडा आपल्या रिसर्च पेपरमध्ये छापायचा. त्याच्यावरच तर पेपरवर विश्वास बसतो, काका.”

हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवत नाही. कारखान्यातही हाच नियम होता. महत्त्वाचा भाग दोघांनी मोजायचा, दुसऱ्याने पहिल्याचा आकडा पाहायचा नाही, प्रत्येकाने आपला ठसा आपल्या हाताने मारायचा. एकदा माझा सोबती चहाला जाताना स्वतःचा ठसा माझ्या हातात देऊन म्हणाला, “भावा, माझा पण मारून टाक की. तू बघितलंय म्हंजे बघितलंय.” मी तो त्याच्या खिशात परत घातला. तो म्हणाला, “लई शास्त्री झालास राव.” महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण न मोजता ठसा मारलेला भाग धावत्या गाडीत तुटला तर आत माणसे बसलेली असतात, हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून तो रागावला, तरी पुन्हा कधी ठसा दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

ही शिस्त विद्येच्या क्षेत्रातही आहे, हे पाहून मी मनोमन हात जोडले. दोन साक्षी. एकमेकांपासून दूर बसवलेले. त्या पडद्यावर मी केवळ ‘वाचक एक’ होतो. तिथे माझे कपाळ कोणी पाहत नव्हते, कूळ कोणी विचारत नव्हते. सभागृहातला तो चहा मी विसरायचा प्रयत्न केला. रोज स्नान, पूजा आटोपून मोशीच्या घरी खिडकीशी बसे आणि वाचे. प्रत्येक लेखाची नोंद वहीत ठेवी : तारीख, लेखाचा क्रमांक, मत, मताचे कारण. सात महिने वाचले. एकही लेख न वाचता बटण दाबले नाही.

सात महिने दुसऱ्या वाचकाचा रकाना मला रिकामाच दिसत होता; नियमाप्रमाणे तो झाकलेला असेल, असे मी धरून चाललो होतो.

मग एके दिवशी मृणालने मला संस्थेत बोलावले आणि एक चिठ्ठी पुढे केली. त्यावर ई-मेलचा पत्ता आणि पासवर्ड होता.

“काका, हा अण्णासाहेबांचा लॉगिन. दुसरे वाचक म्हणजे तेच. त्यांना वेळ नाही झाला. तर त्यांची मतंही तुम्हीच टाका.”

मला वाटले, त्यांनी मते कागदावर लिहून दिली असतील. “कुठे आहेत त्यांची मते?”

ती खाली पाहू लागली. “मतं म्हणजे… तुमचीच. तुम्ही वाचलंयच ना सगळं. फक्त तंतोतंत नको, सर म्हणाले. शंभरात आठ-दहा वेगळी ठेवा. म्हणजे खरं वाटेल.”

खरं वाटेल.

मी चिठ्ठीला हात लावला नाही. तेवढ्यात संचालक आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, एवढं मनावर घेऊ नका हो. सगळीकडे असंच चालतं. आणि वेगळी कोणती ठेवायची तेही सोपं आहे. ते भटक्या लोहारांवरचे, शेतीच्या अवजारांवरचे लेख आहेत ना, ते अण्णासाहेब वगळणारच. तेच लाल करा. मतभेदही दिसेल, आढावाही आटोपशीर राहील. आणि बरं का, पेपरमध्ये तुमचं नाव येणार आहे.”

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते शेवटचे वाक्य ऐकून मी चिठ्ठी उचलली.

चौदा वर्षे गुरुवार एसटीत घालवले. परीक्षा बाहेरून दिल्या. एम.ए. झालो तेव्हा शास्त्री हयात नव्हते. आयुष्यात कधीतरी संस्कृतविद्येच्या एखाद्या छापील कागदावर माझे नाव यावे, एवढी एकच इच्छा मी देवापाशी बोलत असे. ती इच्छा त्यांनी माझ्यापुढे धरली आणि मी तिच्यामागे गेलो. सदुसष्टाव्या वर्षी. गंध लावून.

त्या दुपारी मी संस्थेच्या संगणकावर अण्णासाहेबांच्या नावाने आत शिरलो. वर त्यांचे नाव आणि छायाचित्र. मी त्यांच्या छायाचित्राखाली बसून बटणे दाबू लागलो. पहिला लेख हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा लाल, माझाही लालच होता. बोट चालत होते. मन कुठे होते ते मला सांगता येत नाही.

अकरावा लेख आला.

तो मी चांगला ओळखत होतो. एका संशोधक बाईंनी दोन वर्षे फिरत्या घिसाड्यांच्या पालांवर जाऊन लिहिलेला. विळ्याच्या धारेला पाणी देताना लोखंडावर कोणता रंग चढला की ते पाण्यात घालायचे, त्या रंगांची आमच्या लोकांच्या तोंडची नावे त्यांनी नोंदवली होती आणि जुन्या ग्रंथांतल्या वर्णनांशी ती ताडून पाहिली होती. पिवळा उतरतो, जांभळा चढू लागतो, निळ्याच्या आधी थांबायचे. वडिलांनी मला हेच शिकवले होते, माझी मान धरून, भट्टीच्या धगीत. ते ज्ञान ग्रंथात आहे आणि आमच्या हातातही आहे, हे कोणीतरी पुराव्यानिशी प्रथमच दाखवले होते. पहिला वाचक म्हणून मी तो लेख हिरवा केला होता. वहीत लिहिले होते : अत्यंत महत्त्वाचा.

आता मी अण्णासाहेब होतो. हा लेख शंभरातल्या त्या ‘वेगळ्या’ आठ-दहांतला होता.

मी लाल दाबले. सॉफ्टवेअरने कारण विचारले. यादी उघडली. ‘विश्वासार्ह ज्ञानस्रोत नाही.’ मी तेच निवडले.

ओळ लाल झाली.

माझ्या बापाचे हात मी माझ्या बोटाने वगळले. नाव दुसऱ्याचे. बोट माझे. सभागृहात मला श्लोक म्हणायला लावला, तो अपमान बाहेरून आला होता. हा मी स्वतः, खुर्चीवर बसून, कारण निवडून केला. अंगावर घाण सांडावी तसे झाले. मी संगणक तसाच सोडून उठलो.

घरी आलो. दिवेलागणीची पूजा करायला बसलो. निरांजन लावले आणि हात तिथेच थांबला. शब्द येईनात. विसरलो नव्हतो. ते तोंडावर घ्यायची लाज वाटत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

“काय झालं? नुसतंच बघत बसलाय देवाकडं.”

मी तिला सारे सांगितले. ती शाळेत गेलेली नाही. तिने तरुणपणी माझ्या आईबरोबर भाता ओढला आहे. तिने शांतपणे ऐकले.

“म्हंजी तुमीच आत घेतला आन् तुमीच बाहेर हाकलला?”

“होय.”

“आन् नाव त्या म्हाताऱ्याचं?”

“होय.”

“आन् तुमचं नाव कुटं येनार?”

“पेपरमध्ये.”

ती बाहेर जाऊन नळाखाली हात धुऊन आली. कशाला धुतले, मी विचारले नाही. म्हणाली, “असलं नाव घरात आणू नका. आमच्या पोरींनी वाचायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संस्थेत गेलो. संचालकांना म्हणालो, मी अण्णासाहेबांची मते टाकणार नाही. काल टाकलेली अकराही मागे घेणार आहे.

ते चिडले नाहीत. त्यांनी मृणालकडून लेखाचा मसुदा मागवला आणि माझ्यापुढे शेवटचे पान उघडले. “अहो, बघा तरी. टाकलंय की नाही नाव तुमचं?”

लेखकांची यादी पहिल्या पानावर होती. संचालक, अण्णासाहेब, मृणाल, आणखी दोघे ज्यांना मी कधी पाहिलेले नाही. माझे नाव शेवटच्या पानावर, आभारांत. सभागृह दिल्याबद्दल कोणाचे तरी आभार, त्याखाली माझे. पुढे लिहिले होते : ‘माहिती-नोंदणी साहाय्य.’

सात महिने. दोन हजार लेख. माहिती-नोंदणी साहाय्य.

“वाचक कोण होते असे यात लिहिले आहे?” मी विचारले.

मृणाल हळूच म्हणाली, “अण्णासाहेब आणि सर, काका.”

म्हणजे दुसरा वाचक खोटा होताच. पहिलाही पुसला होता. दोन साक्षी छापले होते आणि दोघांपैकी एकानेही काही पाहिलेले नव्हते. ज्याने पाहिले तो टंकलेखक झाला होता.

संचालकांनी अण्णासाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मला समजावण्यासाठी. अण्णासाहेबांचा आवाज प्रसन्न होता.

“काय हो शास्त्रीबुवा, रागावलात म्हणे? अहो, त्या बटणांच्या पोरखेळाला मला कुठला वेळ? माझं नाव असलं की लेखाला वजन येतं, तुम्ही वाचलंत की लेख पुरा होतो. दोघांचं भागतं. आणि खरं सांगू? तुमच्यासारख्यांना अशा कामात बसायला मिळतं, हे काय कमी आहे का?”

तुमच्यासारख्यांना.

मी आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला उलट उत्तर दिलेले नाही. विद्वानापुढे मी वाकत आलो आहे, कारण विद्या त्याच्या मुखात राहते असे मला शिकवले आहे. त्या क्षणी मला स्वच्छ दिसले की त्या मुखात विद्या नव्हती. तिथे फक्त जागा अडवलेली होती. मी टेबलावरच्या त्या फोनला म्हणालो, “अण्णासाहेब, आपण एकही लेख वाचलेला नाही. मी सारे वाचले आहेत. मी बसलो ते माझ्या वाचनावर बसलो. आपण कशावर बसलात, ते आपले आपण पाहा.”

ते संचालकांना म्हणाले, “याला काढा हो.” एवढ्यात ‘शास्त्रीबुवा’चा ‘हा’ झाला.

मी शेजारच्या खोलीत गेलो. संगणक उघडला. माझ्या स्वतःच्या नावाने. प्रत्येक लेखाखाली टिपणीची जागा असते. ती गटातल्या सर्वांना दिसते आणि कोणी, केव्हा लिहिले याची नोंद राहते. त्या अकरा लेखांपैकी प्रत्येकाखाली मी एकच वाक्य लिहिले : ‘दुसऱ्या वाचकाच्या नावाने येथे दिलेले मत त्यांचे नाही, ते मी त्यांच्या पासवर्डने दिले, ते चूक होते.’ खाली माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. अकराव्या लेखाखाली आणखी लिहिले : ‘यातील ज्ञान विश्वासार्ह आहे. मी ते हाताने केले आहे.’

दुपारपर्यंत माझा प्रवेश बंद केला गेला. पडद्यावर आले : तुम्ही या प्रकल्पाचे सदस्य नाही.

संध्याकाळी मृणालचा फोन आला. रडत होती. “काका, माझी पीएचडी अडकेल हो. सर माझ्यावर काढतील. टिपण्या पुसून टाक असं सांगा ना, तुम्ही सांगितलंत तर मी इथून पुसते.” त्या मुलीवर माझा राग नाही. तिला चिखलात उभे करून वरच्यांनी आपले पाय स्वच्छ ठेवले आहेत. मी म्हणालो, “तुझे नाव मी कुठेही लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. पण मी माझे पुसू देणार नाही. तूही विचार कर. तुझ्या नावावरही ते दोन खोटे वाचक बसणार आहेत.” तिने फोन ठेवला. नंतर तिचा फोन आलेला नाही. तिच्याबद्दल मला वाईट वाटते. तरीही.

रहाटणीला राहणारा जावई समजवायला आला. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. म्हणाला, “बाबा, मोठी माणसं आहेत. सोडून द्या ना राव.” संचालकांचा निरोपही आला : याचा त्रास तुम्हालाच होईल. होऊ दे. माझ्याकडून ते काय काढून घेणार? छापील नाव? ते त्यांनी दिलेलेच नव्हते. मान? तो मी चहाच्या कपाशेजारी स्वतः ठेवला होता. आता उचलून घेतला आहे.

ज्या नियतकालिकाकडे तो आढावा गेला आहे, त्याचे नाव मी मसुद्यावर वाचले होते; त्याच्या संपादकांना मी पत्र लिहिले. चार पाने, माझ्या हस्ताक्षरात, सोबत वहीच्या सर्व पानांच्या प्रती. पत्रात मी प्रथम माझा गुन्हा लिहिला : अकरा खोटी मते, माझ्या हाताने, नावाच्या लोभाने. मग त्यांचा. कोणतेही विशेषण वापरले नाही. तारखा दिल्या, लेखांचे क्रमांक दिले. उत्तर अजून आलेले नाही.

उत्तर आले नाही तर मी दुसरे पत्र लिहीन, आणि मग तिसरे. आढावा छापला गेला तर छापणाऱ्यांना लिहीन. तो ज्या सभेत वाचला जाईल त्या सभेत जाईन, बसायला जागा दिली नाही तर उभा राहीन, आणि प्रश्नांची वेळ आली की हात वर करीन. मला कोणाची क्षमा नको, कोणाचे आभार नकोत. मला एवढेच सांगायचे आहे आणि ते मी हयात असेपर्यंत सांगणार आहे : या कामाला दुसरा वाचक नव्हता. पहिला मी होतो.